कुशीचा तक्ता

गोदूबाईला मी तिच्याच ओटीवर, चार शेजारणींच्या देखत, नाही नाही ते बोलले. हे आधीच सांगून टाकते. पुढे मी बऱ्याच जणांवर तोंड सोडणार आहे, तेव्हा ही बाई स्वतः नामानिराळी राहिली असं कुणी म्हणायला नको.

मी चंद्रावती. माहेर गडबचं. पेणमधल्या एका मोठ्या हॉस्पिटलात एकोणीस वर्षं नर्स आहे. हॉस्पिटलला जोडून नर्सिंगचं कॉलेज आहे आणि कॉलेजला प्राचार्या मॅडम आहेत. मॅडमनी दोन वर्षांपूर्वी एक संशोधन काढलं. विषय चांगला होता, खोटं कशाला बोलू. बाळंतपणात ज्या बाया अत्यवस्थ होतात, दिवसच्या दिवस उताण्या पडून राहतात, त्यांना दर दोन तासांनी कुशीवर वळवलं तर पाठीला दाबाच्या जखमा होतात की टळतात? आणि पाठ धड राहिली तर आई लवकर उठून बाळाला पाजू लागते का? साठ बाया घ्यायच्या होत्या. प्रत्येकीच्या पलंगाला पायाशी एक तक्ता लटकवलेला. त्यावर दोन-दोन तासांचे चौकोन. डावी कूस, उजवी कूस, पाठ. वळवलं की चौकोनात खूण करायची आणि सही ठोकायची. आम्ही त्याला कुशीचा तक्ता म्हणायचो. बाई घरी गेली की दहा दिवसांनी घरभेट. बाळाचं वजन, नाळ, आईचं दूध बघायचं. घरभेटी माझ्याकडे होत्या, कारण मला खाडीकडची बोली येते आणि चिखल तुडवायचा कंटाळा नाही.

मालू त्या साठांतली त्रेचाळिसावी. माहेर रोह्याजवळच्या वरशाचं. भातशेती, वालाची शेती असलेल्या हैबतरावांची एकुलती एक लेक. दिली होती पेणच्या खाडीकडच्या गावात. सासू गोदूबाई, जन्म मिठागरावर गेलेला. नवरा जगन एका कंपनीत शिफ्टला. खरं तर पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, पण मालूचं प्रेशर चढलेलं, पेण जवळ, म्हणून जगननं तिला सासरीच ठेवली. हैबतरावांना ते तेव्हाच खटकलं होतं.

मालूला झटके आले. सिझर झालं, बाळ वाचलं, मुलगा, दोन किलो शंभर ग्रॅम. मालू पाच दिवस तोंडात नळी घालून अतिदक्षता विभागात होती. मग वॉर्डात, आणि नवव्या दिवशी घरी. आम्ही सगळे खूश. अशा बाया पुष्कळदा घरी जात नाहीत.

घरी जाऊन दहा दिवस झाल्यावर मी घरभेटीला गेले. बाळ छान होतं. मालू बाजेवर कुशीवर पडून कण्हत होती. लुगडं बाजूला केलं. कंबरेच्या खाली, माकडहाडाच्या वर, तळहाताएवढी जखम. मधे काळी, कडेला लाल, वास सुटलेला. आणि बाजेखाली शेगडी, तिच्यात पांढरी राख.

एकोणीस वर्षं मी गावोगाव घसा फोडून सांगतेय, बाळंतिणीला शेक-शेगडी देऊ नका. त्यामुळे मला पुढचं काही बघायची गरजच वाटली नाही. उचलली जीभ लावली टाळ्याला.

"जिती भाजलीस की गो सुनेला!" मी ओरडले. "कोंबडी हाय काय ती?"

गोदूबाईच्या हातात ओव्याचं पाणी होतं. ते तिथंच सांडलं. "मी नाय केला गो सिस्टर," ती म्हणाली. "शेगडी तं मी पायांकरं ठेवते. टाके हायत ना तिला."

"जखम काय आकाशातनं पडली?"

शेजारणी जमल्या. मी त्यांनाही सोडलं नाही. अडाणी म्हटलं, रानटी म्हटलं, आणखीही एक शब्द वापरला, तो लिहीत नाही. मालू आतून "आईंनी नाय केलं, सिस्टर" असं पुटपुटत होती. मी ऐकलं नाही. रागात असले की मला फक्त माझाच आवाज ऐकू येतो.

त्याच दिवशी मालूला परत भरती केली. तरुण डॉक्टर आला, म्हणाला, "सिस्टर, कशानं?" मी म्हटलं, "शेगडी." त्यानं लिहिलं: शेगडीने भाजल्याची जखम. त्यानं जखमेकडे बघितलं असेल अर्धं मिनिट. माझ्यावर विश्वास होता ना त्याचा.

संध्याकाळपर्यंत हैबतराव गाडी करून आले. उंच माणूस, दाराशी वाकून आत आला आणि गोदूबाईला बघून जो सुटला! "पहिलं बाळंतपण माहेरी नको म्हनलात ते हेच्यासाठी? डाकीण हायस तू! माझी पोर जाळायला ठेवून घेतलीस!" वॉर्डातल्या बाया उठून बसल्या. गोदूबाई भिंतीला टेकून खाली बसली आणि पदर तोंडात कोंबला. जगन मधे पडला नाही. मालू म्हणाली, "बाबा, आईंनी नाय केलं." हैबतराव म्हणाले, "बघा, बोलते कशी. धाकात ठेवलीय पोरीला."

चार दिवसांनी ते मालूला आणि बाळाला वरशाला घेऊन गेले. पट्टी रोह्याला बदलून घेऊ म्हणाले. डॉक्टरचा कागद घडी करून खिशात घातला आणि सगळ्यांसमोर सांगून गेले: पोरगी आता या घरात यायची नाही, नातू यांच्या नजरेला पडायचा नाही, आणि जखम भरली की हा कागद घेऊन मी पोलिसात जातो. जगन मान खाली घालून उभा. गोदूबाईनं बाळाला हात लावायला हात पुढे केला, तर हैबतरावांनी टोपडं ओढून बाळाचं तोंड झाकलं.

मला तेव्हा बरं वाटलं, हेही लिहून ठेवते. मला वाटलं, बरी खोड मोडली.

प्राचार्या मॅडम तर हरखल्याच. म्हणाल्या, "चंद्रावती, ही केस आपण वेगळी मांडू. घातक प्रथा आणि बाळंतीण. तू परत जा आणि त्या शेगडीचा, बाजेचा फोटो काढून आण. स्पष्ट यायला हवा."

म्हणून मी परत गेले. जगन कामावर गेला होता. गोदूबाई अंगणात बसलेली. मला बघून उठली नाही, बस म्हणाली नाही. शेगडीचा फोटो पाहिजे म्हटलं तर म्हणाली, "फोरून टाकली. बांधावर पडलीत खापरं, जा काढ फोटू."

बाज तेवढी होती. अंगणात भिंतीला उभी करून ठेवलेली. मी मोबाइल काढला, फोटो नीट यावा म्हणून जवळ गेले आणि माझा हात तसाच राहिला.

बाज काथ्याच्या दोरीनं विणलेली होती. काथ्या किती झटकन धुमसतो ते कोकणातल्या पोराला सांगावं लागत नाही. एक ठिणगी लागली तर सुरसुर करत पुढे सरकत जाते. ही दोरी सगळी पिवळी, धड. जिथं मालूची कंबर यायची तिथं एक धागा काळा नव्हता. मी तिच्या खालची गोधडी मागितली. गोदूबाईनं आतून आणून फेकली. गोधडीवर रक्ताचा, पुवाचा डाग होता. जळल्याचा एकही नव्हता. बाईचं मांस हाडापर्यंत भाजतं आणि तिच्या खालची दोरी नि गोधडी साबूत राहते, असा कुठला विस्तव असतो?

"गोदूबाई," मी म्हटलं, "ही जखम पयली कशी दिसली तुला?"

"फुटली नंतर. आधी काला डाग व्हता. निला-काला. घरी आनली तवाच व्हता. न्हाऊ घालताना बघितला मी. मना वाटला तुमचे इंजेक्शनचा असंल."

मी तिथंच अंगणात बसले. हे मी दरवर्षी कॉलेजच्या पोरींना फळ्यावर चित्र काढून शिकवते. माणूस एकाच जागी पडून राहिला की हाडाखालचं मांस दबून आतल्या आत मरतं. वरची कातडी धड असते. दोन-तीन दिवसांनी तिथं जांभळा डाग उमटतो. आठवड्याभरात ते फुटतं, आणि फुटल्यावर भाजल्यासारखंच दिसतं. फळ्यावर मला सगळं येतं. बाजेवर बघायची वेळ आली तेव्हा मी शेगडीच बघितली.

"मग तवा बोलली का नाहीस?"

गोदूबाईनं माझ्याकडे बघितलं. "तू बोलू दिलास?"

तिला काहीच न सांगता मी उठले, कॉलेजात जाऊन कपाट उघडलं आणि त्रेचाळीस नंबरची फाइल काढली. मालूचा कुशीचा तक्ता. पाच दिवस, दिवसाला बारा चौकोन, साठही चौकोन भरलेले. एकही रिकामा नाही. असा तक्ता बघून कुणालाही भरून यावं! पण नीट बघितलं तर एकेका शिफ्टच्या खुणा एकाच शाईच्या, एकाच तिरकेपणाच्या, एका दमात ओढलेल्या. चौथ्या दिवशी सकाळी आठ, दहा, बारा, दोन. चार खुणा, चार सह्या. सही माझी.

तो दिवस मला आठवतो. अतिदक्षता विभागात नऊ पलंग आणि आम्ही दोघी. एका बाईचं रक्त थांबत नव्हतं, तिच्याजवळून हलता येत नव्हतं. मालू शेवटच्या पलंगावर, उताणी. दुपारी दोन वाजता शिफ्ट सोपवण्याआधी मी पेन घेऊन सगळ्या पलंगांवरून फिरले आणि तक्ते भरले. मालूला मी त्या दिवशी एकदाही वळवलं नव्हतं. दुसऱ्या शिफ्टनी तरी काय वेगळं केलं असणार? आम्ही सगळ्याच तसं करायचो. चौकोन रिकामा राहिला की मॅडम जाब विचारायच्या. बाई वळवायची राहिली तर कुणी विचारत नव्हतं. आणि घरी सोडतानाचा कागद, 'त्वचा शाबूत', त्याच्यावरही माझीच खूण. मी मालूला विचारलं होतं, "पाठीला काही त्रास नाही ना गं?" ती नाही म्हणाली. लुगडं वर करून बघितलं नाही.

मी फाइल घेऊन मॅडमच्या केबिनमध्ये गेले.

मॅडमनी शांतपणे ऐकलं. मग म्हणाल्या, "आपल्या अभ्यासात डिस्चार्जपर्यंतचंच धरलंय. डिस्चार्जला त्वचा शाबूत. म्हणजे जखमा शून्य."

"मॅडम, ती आपल्या पलंगावर झाली आणि घरी जाऊन फुटली."

"घरी शेगडी होती."

"काथ्या जळलेला नाही, मॅडम!"

"काथ्याचा पुरावा घेऊन मी परिषदेत उभी राहू?" त्या हसल्या. "त्रेपन्न झाल्यात, सात राहिल्यात. आता तू एक तक्ता खोटा म्हणालीस की सगळे खोटे ठरतील."

"सगळेच खोटे आहेत! नऊ पलंगांना दोन नर्स, एवढंच खरं आहे त्यात. तेच लिहा ना! दोन बायकांच्यानं नऊ बाया वळवून होत नाहीत, हेच आपलं संशोधन. जगाला उपयोग होईल."

"चंद्रावती, आवाज खाली. सह्या तुझ्या आहेत. नोकरीचा विचार कर आणि फाइल कपाटात ठेव."

चोर सोडून संन्याशाला फाशी, ही म्हण मी लहानपणापासून ऐकत आले. चोर दोन आणि दोघींच्याही अंगावर पांढरा कोट, असं मात्र कुणी सांगितलं नव्हतं. मी फाइल कपाटात ठेवली. ठेवायच्या आधी मालूच्या पाचही दिवसांचे फोटो काढले, छापून घेतले आणि दुसऱ्या सकाळी रोह्याची एसटी धरली. नागोठणं येईपर्यंत मी मनातल्या मनात मॅडमशी भांडत होते. नागोठण्यानंतर भांडायला मॅडम पुरेनात, मग स्वतःशी भांडले.

वरशाला हैबतरावांचं घर लगेच सापडलं. अंगणात वाल सुकत होते. ओटीवर हैबतरावांची बायको सरू बाळाला मांडीवर घेऊन बसलेली. मालू तिथंच खाटेवर कुशीवर पडलेली. जखम भरत होती, पण अजून महिना जाईल अशी होती.

मी कागद हैबतरावांसमोर ठेवले आणि एका दमात सगळं सांगितलं. शेगडी नव्हती. भाजलेलं नाही. जखम आमच्या पलंगावर झाली. वळवायला हवं होतं, वळवलं नाही, आणि वळवलं म्हणून लिहिलं. ह्या सह्या माझ्या. डॉक्टरला शेगडी मी सांगितली.

हैबतराव कागद उलटेसुलटे करत राहिले. बोलली ती मालू.

"सिस्टर, मी जागी होते."

"काय?"

"चौथ्या दिवशी. मला समदं कळत व्हतं. तोंडात नळी, हात बांधलेलं. कंबर नुसती पेटलेली. तुम्ही आलात, पायाशी कागदावर लिवलंत आन् गेलात. मला वाटलं, त्या लिवण्यातच कायतरी औषध आसंल. आता बरं वाटंल, आता बरं वाटंल, म्हणून मी वाट बघत ऱ्हायले."

मी एकोणीस वर्षांत रुग्णासमोर रडले नाही. तिथंही रडले नाही. रडायचा हक्क असायला लागतो.

हैबतरावांनी कागद बाजूला ठेवले. आता हा माणूस माझ्यावर सुटणार, असं मला वाटलं. मी तयार होते. खरं सांगते, मला ते हवंच होतं. त्यांनी डोक्यावरची टोपी काढली, परत घातली, आणि म्हणाले, "ऱ्हाऊ द्या, मॅडम. कामाच्या गडबडीत चूक होते मान्साची. तुमी तरी काय करनार? सरू, मॅडमला च्या टाक."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

"मॅडम?" मी ओरडले. "मॅडम कुणाला म्हणता? गोदूबाईला डाकीण म्हणालात ना भर वॉर्डात? तिनं तर काहीच केलं नव्हतं! मी तुमची पोर सडवली, मी खोटं लिहिलं, मी खोटं सांगितलं, आणि मला चहा? अंगावर पांढरा कोट असला की चूक आणि मिठागरावरची असली की पोलीस? तिला जे म्हणालात ते मला म्हणा, हैबतराव. तिच्या अंगावर जसे धावलात तसे धावा!"

सरूनं बाळाला घट्ट धरलं. हैबतराव जमिनीकडे बघत होते. "तुमी शिकलेल्या बाई," ते हळूच म्हणाले. एवढंच म्हणाले, आणि त्यावर मला आणखी राग आला. माझ्या शिकण्याकडे बघून मला कुणी एवढ्या स्वस्तात सोडावं, याचाच राग.

मालूनं उशाखालचा फोन काढला. नंबर लावला, स्पीकर सुरू केला आणि हात लांब करून फोन बापापुढे धरला. "बाबा, बोला आईंशी."

दोन वेळा वाजला.

"मालू? तू हायस गो?" गोदूबाईचा आवाज. घाबरलेला, घाईचा. "बाल बरा हाय ना? तुझी जखम भरली काय?"

हैबतराव नुसते खाकरले.

"व्याही असतील तं ऐका," गोदूबाई बोलतच होती. "फोन ठेवू नका. मी पाया परते तुमच्या. मना वाटते मीच केला असंल. शेगडी सरकली असंल, माझा डोला लागला असंल. तुमी सगली बोलताव तं तसाच असंल. पोलिसात काय सांगायचा ते सांगा, पन बाल एकदा दाखवा."

सगळ्या घरानं ऐकलं. ज्या बाईनं दोरीचा एक धागा जाळला नव्हता, तिला आम्ही सगळ्यांनी मिळून कबूल करायला लावलं होतं. हैबतराव ओटीवरून उठून अंगणात गेले, आणि तिथं वालांकडे तोंड करून उभे राहिले.

मी फोन घेतला. "गोदूबाई, मी चंद्रावती सिस्टर. ते तू नाही केलंस. हॉस्पिटलात झालं ते. माझ्या हातानं झालं. मी मालूला वळवलं नाही आणि तुझं नाव घेतलं."

 पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

"परत बोल," गोदूबाई म्हणाली. तिचा आवाज बदलला होता. "मोठ्यान बोल. माझा जगन्या हिथं जेवाला बसलाय. वीस दिस झालं, तो माझ्या हातचा खात हाय, पन माझ्याशी बोलत नाय."

मी मोठ्यानं बोलले.